टॉवरची सावली मे महिन्यात पडत नाही

करी रोड, १८ मे

वैभव,

'चिरंजीव' लिहावं तर तू आता फार मोठा झालास, 'प्रिय' लिहावं तर माझं पेन अडतं. म्हणून नुसतं वैभव.

रस्ता ओलांडला की तुझं गेट, आणि मी तुला पत्र लिहितेय. कोणी ऐकलं तर हसेल. पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस आणि तुझ्या टॉवरचा वॉचमन 'किससे मिलना है मॅडम, पहले फोन लगाओ' म्हणतो. आता लावू कुठे, कपाळाला? म्हणून हे मेघनाच्या ब्लाऊजच्या पिशवीत घालून पाठवतेय. बायकोला ओरडू नकोस. बाह्या सैल करून घ्यायला आली होती बिचारी, मीच बळेबळे कोंबलं.

भांडायला लिहीत नाहीये. डिसेंबरात अप्पा तुझ्याकडे राहायला आले, आणि चार दिवसांत पिशवी घेऊन परत आले, ते का आले मला आजही माहीत नाही. तू म्हणालास, 'ताई, तूच कान भरलेस त्यांचे.' मी नाही भरले. एवढंच. पुन्हा सांगणार नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय आणि ते सगळं माझ्या गळ्यात पडलंय. सेक्रेटरी मी. का, तर मीटिंगला मी एकटी वेळेवर गेले होते.

तू गेल्यापासून इथे काय झालंय ते तुला माहीत नसेल. लिफ्टचं लाइट बिल झेपत नाही म्हणून सोसायटीने लिफ्टला टाइम लावलाय. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, रात्री साडेआठला बंद. आणि खाली शनिवारचं भजन सुरू होतं नऊला. म्हणजे अप्पांचं भजन गेलं. शिमग्याच्या आधी एकदा हट्टाने गेले. परत येताना चार पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून चार मजले उचलून आणलं. पोरं हसत होती, प्रेमानेच हसत होती. पण अप्पांनी डोळे मिटून घेतले होते ते घरात येईपर्यंत उघडले नाहीत. त्यानंतर जिन्याचं नाव काढत नाहीत. शनिवारी जिन्यातून मृदंग वर ऐकू येतो आणि अप्पा खाटेवर बसून गुडघ्यावर बोटं मारतात. ज्या माणसाने पन्नास वर्षं या भजनी मंडळाचा मृदंग वाजवला त्याने गुडघा वाजवायचा! मला ते बघवत नाही रे.

चेअरमन उन्मेष म्हणतो, 'एकासाठी लिफ्ट चालू ठेवली तर उद्या सगळेच मागतील.' मग मी म्हटलं, लिफ्टची वीज गच्चीवरच पिकवू. तिथून हे सुरू झालं.

आता बिल्डिंग रिकामी आहे. मे महिना, सगळे गावी आंबे खातायत. मी, अप्पा आणि तळमजल्यावरच्या गंगुबाई, एवढेच राखणदार. तोच मुहूर्त साधून मी तीन सोलरवाल्यांना बोलावलं. कोणी मध्ये मध्ये शहाणपणा करायला नाही. गच्चीला गेला हिवाळाभर टाळं होतं, वॉटरप्रूफिंग चाललं होतं, आता ती कशी स्वच्छ दिसते! तिन्ही माणसं भर दुपारी वर उभी राहिली, घामाने निथळली, आणि तिघांनी एकच सांगितलं: गच्चीवर सावली नाही. शून्य. एक तर म्हणाला, 'मॅडम, इतकी उघडी गच्ची या भागात बघायला मिळत नाही.'

तेव्हा ऐकून ठेव. तुझा टॉवर चाळीस मजल्यांचा असेल, आमच्या दक्षिणेला छाती काढून उभा असेल. पण त्याची सावली आमच्यावर पडत नाही. पडायलाही नको.

अप्पा बरे आहेत. माझे डोळे मात्र गेले बहुतेक. गेल्या हिवाळ्यात भर दिवसा सुईत दोरा जाईना. हिंदमाताच्या दुकानातून ब्लाऊजचे गठ्ठे येतात आणि मी ट्यूब लावून बसते. डोळ्यांच्या डॉक्टरला मोतीबिंदू काढा म्हणून सांगायला गेले, तर तो म्हणतो मोतीबिंदूच नाही. फी घेतली ती घेतलीच. आता बरं दिसतंय, उन्हाळ्यात डोळ्यांना मानवतं वाटतं.

रुपाली

•

करी रोड, २२ जून

वैभव,

मेघना सांगत होती, तू पत्र वाचलंस आणि ड्रॉवरमध्ये टाकलंस. फाडलं नाहीस, हेही कमी नाही. घरात माझा भाऊ आहे अजून.

गावाहून मंडळी आली, फणस आले, मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. पहिला अर्धा तास कोणाच्या फणसात किती गरे निघाले, मग मुद्दा.

तिन्ही कोटेशनं मी मशीनवर पसरून वाचली. कापड निवडायला बसतात ना, तशी बसले. पहिल्याची पॅनल निळी, जुन्या धर्तीची, स्वस्त, पण जागा फार खाणार. दुसऱ्याची काळी, जरा महाग, कमी जागेत जास्त वीज. तिसऱ्याचीही काळीच, पण त्याच्या प्रत्येक पॅनलच्या पाठीला एक छोटा डबा. मी विचारलं हा डबा कशाला? तो म्हणाला, 'ताई, बाकीच्यांची पॅनल म्हणजे दिवाळीची जुनी माळ. एक बल्ब गेला की अख्खी माळ गेली. एका पॅनलवर सावली आली की सगळी पॅनल तिच्यासोबत मंद होतात. माझ्यात ज्याचं त्याचं वेगळं. एकावर सावली पडली तरी बाकीची चालू.' म्हटलं, आमच्याकडे सावलीच नाही तर डब्याचं काय लोणचं घालू? तो हसला. म्हणाला, 'तुम्ही म्हणता तसं.'

मग मीटिंगमध्ये मी छातीठोक सांगितलं, मधली घ्या, माळ चालेल, आपली गच्ची उघडी आहे. गंगुबाई म्हणाल्या, 'गो रुपाली, पापड खंय वाळत घालूचे मगे?' त्यांना सांगितलं, स्टँड उंच करून घेऊ, खालून माणूस चालेल, पापडही वाळतील आणि हळदीचा मांडवही होईल. त्यावर सगळे खूश. उन्मेषने नाक मुरडलं, पण हात वर केला. दिवाळीच्या पाडव्याला करारावर सही करायची असं ठरलं. सोसायटीची ठेव मोडून पहिला हप्ता द्यायचा. पंधरा वर्षं कोणी हात लावला नव्हता त्या ठेवीला.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. म्हटलं, पॅनलला पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे. तर म्हणतात, 'पंचवीस वर्षांची ग्यारंटी? आणि माझी कोण देतलो?' मी हसले, तेही हसले. मग जरा वेळाने विचारलं, 'लिफ्ट रात्रीची चालू होतली मा?' म्हटलं, होणार, दिवाळीनंतर लगेच काम सुरू. त्यांनी कोपऱ्यातला मृदंग मागून घेतला आणि त्याच्यावरची धूळ पंच्याने पुसत बसले.

तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. दोघं मिळून तुझं नाव न काढण्याचं काम व्यवस्थित करतो.

रुपाली

•

करी रोड, ९ सप्टेंबर

वैभव,

आज रागात लिहितेय, अक्षर लावून वाच.

गणपतीला तू गावी गेलास, आम्ही गेलो नाही. अप्पांना गाडीतला प्रवास आता झेपत नाही. आपल्या घरच्या गणपतीला पहिल्यांदा अप्पा नव्हते. तू तिकडे आरतीला उभा राहिलास, बरं केलंस, कोणीतरी हवंच. पण निघण्याआधी रस्ता ओलांडून एकदा 'अप्पा, येऊ ना' म्हणायला तुझे पाय मोडले होते का रे?

जाऊ दे. राग त्याचा नाही.

काल मेघना आली. तिच्या तोंडून तू निरोप पाठवलास. 'ताईला म्हणावं, मे महिन्यात बघून सोलर घेऊ नको. डिसेंबरात बघ आणि मग घे.' एवढाच. अख्ख्या वर्षात बहिणीला पाठवलेला पहिला निरोप, तोही खोडा घालायला!

मला कळत नाही असं समजू नकोस. पाच वर्षांपूर्वी तुझ्या टॉवरच्या बिल्डरला आपली बिल्डिंगही हवी होती. तू म्हणत होतास देऊन टाकू, आम्ही नाही म्हटलं. आता आम्ही ठेव मोडून सोलर लावलं की बिल्डिंग पुढची वीस वर्षं हलत नाही. ते तुम्हा टॉवरवाल्यांना सलतंय, असं उन्मेष सरळ म्हणतो. मी त्याला गप्प केलं. म्हटलं माझा भाऊ कसाही असला तरी दलाल नाही. पण घरी आल्यावर माझ्याच मनात किडा वळवळायला लागला. तुला काय पडलीय आमच्या सोलरची? स्वतः अकराव्या मजल्यावर राहतोस, तुझी लिफ्ट दिवसरात्र चालू. आणि आमची चालू व्हायची म्हटल्यावर तुझ्या पोटात दुखतंय?

मेघना म्हणाली, 'ताई, तसं नाही हो. तो रोज सकाळी चहा घेऊन किचनच्या खिडकीत उभा राहतो. तिथून तुमची गच्ची दिसते. अप्पा वर येतात का बघतो.' मी म्हटलं, सांग त्याला, अप्पा गच्चीवर येत नाहीत, त्यांना जिना चढवत नाही, म्हणूनच तर सोलर घेतोय! उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा काही दोष नव्हता. तिला बसवून चहा दिला. पण तुला देणार नाही, आलास तरी.

रुपाली

•

करी रोड, दसरा

वैभव,

सोनं घे, सोन्यासारखा राहा. आपट्याची पानं पिशवीत ठेवलीयत, अप्पांनी स्वतः निवडलेली. 'कोणासाठी' ते बोलले नाहीत.

तुला एक सांगायचंय.

घटस्थापनेला सकाळची पूजा आटोपून मी गच्चीवर गेले, झेंडूची फुलं सुकवायला. दुपारचे बारा वाजत आले होते. दक्षिणेच्या कठड्याला लागून एक काळी पट्टी दिसली. वाटलं डांबर सांडलंय. हात लावला तर लादी गार. वर बघितलं तर तुझा टॉवर.

सप्टेंबरातलं तुझं ते वाक्य आठवलं. खाली आले, शिवणातला पांढरा खडू घेतला, वर जाऊन सावलीची कड आखली. माप चुकलं तर कापड वाया जातं एवढं मला कळतं. मग रोज दुपारी गेले. रोज नवी रेघ. आणि रोज ती आधीच्या रेघेच्या पुढे, आत. वैभव, ती थांबत नाही रे. आज दसऱ्याला अर्ध्या गच्चीपर्यंत आलीय आणि नंतर दोन अडीच तास हलत नाही. तेच तर उन्हाचे तास.

काल त्या तिसऱ्या डबेवाल्याला फोन केला. म्हटलं, मे महिन्यात तुम्ही सावली नाही म्हणालात. तो म्हणाला, 'ताई, मे महिन्यात मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा कोणाचीच सावली पडत नाही. थंडीत तो दक्षिणेकडून खाली कलतो. तुमच्या दक्षिणेला टॉवर आहे. मी डब्याचं बोललो होतो ना.' मग तेव्हा स्पष्ट का नाही बोललास बाबा? तो म्हणाला, 'तुम्ही मला गप्प केलंत.' खरंच केलं होतं.

आपल्या लोकांनीच करावी अशी चूक आहे ही. मे महिन्यात सगळे गावी, बिल्डिंग मोकळी, म्हणून मी सर्व्हे मे महिन्यात घेतला. दुसरी कुठली बाई असती तर तिने थंडीतही एकदा वर जाऊन बघितलं असतं. थंडीत आमच्या गच्चीला टाळं, आणि मला माझ्या शहाणपणाची घमेंड.

तू खोडा घालत नव्हतास. मी उगाच तुला नको ते लिहिलं. तो कागद ड्रॉवरमध्ये असेल तर फाडून टाक.

पण आता मी काय करू ते सांग. पाडवा तोंडावर आलाय. सगळ्यांना वाटतंय लिफ्ट चालू होणार. गंगुबाईंनी माझ्या नावाने नारळ ठेवलाय. आणि अप्पांनी मृदंग कातड्याला नवी शाई लावून आणायला लालबागच्या माणसाकडे दिलाय. शनिवारचे दिवस मोजतायत. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?

ताई

•

करी रोड, १९ ऑक्टोबर

वैभव,

केलं बाबा. काल मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना गच्चीवर नेलं. खडूच्या रेघा दाखवल्या. शेवटची रेघ पलीकडच्या कठड्यापाशी. म्हटलं, हिवाळाभर अख्खी गच्ची दुपारी काळोखात असते, मी निवडलेली माळ इथे चालणार नाही, चूक माझी. ठेव मोडू नका.

उन्मेष म्हणाला, 'म्हणजे सहा महिने आम्ही बोंबलत काढले?' कोणीतरी म्हणालं, 'भावाने सांगितलं म्हणून फिरली.' खरंच आहे, भावाने सांगितलं म्हणूनच फिरले. तसं तोंडावर सांगितलं. मग डबेवाल्याचा विषय काढला, उत्तरेकडच्या कठड्याला सावली सगळ्यांत कमी दिवस राहते, तिथे थोडी पॅनल बसतील, थोडी वीज मिळेल. पण एकदा दुधाने तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात. ठरलं असं की डिसेंबरात पुन्हा मोजायचं, मार्चमध्ये बघायचं, आणि तोवर लिफ्ट आहे तशीच. साडेआठला बंद.

अप्पांना सांगितलं. वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, 'मार्चमधी म्हणजे शिमग्याक?' म्हटलं हो. 'बरा,' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचे चार वाजले होते. ते कधी चार वाजता झोपत नाहीत.

मृदंग लालबागहून येऊन पडलाय. शाई नवीकोरी आहे. कव्हर काढलेलं नाही.

ताई

•

करी रोड, ७ डिसेंबर

वैभव,

हे पत्र नीट बसून वाच. किचनच्या खिडकीत उभं राहून वाचू नकोस.

आज दुपारी लग्नसराईचा गठ्ठा घेऊन बसले होते. सुईत दोरा जाईना. उठले, ट्यूब लावली, तरी डोळे चोळावे लागले. माझ्याशीच बोलले, डोळे गेले बाई, पुन्हा डॉक्टरकडे जायला हवं. अप्पा खाटेवर होते. म्हणाले, 'डोळ्यांक कायेक झाला नाय तुझ्या.'

म्हटलं, मग दिसत का नाही?

'खिडकीभायर बघ.'

बघितलं. बाहेर काय, तुझा टॉवर. रोजचाच. मग मशीनकडे बघितलं. तुला आठवतं, आई असताना थंडीत दुपारी या मशीनवर ऊन पडायचं? मांजर येऊन बसायचं कापडावर. ते ऊन गेलं कधी रे? मी गच्चीवर महिनाभर खडूने रेघा ओढल्या आणि माझ्या स्वतःच्या खिडकीत काय पडलंय ते मला दिसलं नाही. दोन हिवाळे मी म्हणत होते, माझे डोळे गेले.

मी अप्पांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

ते खाटेवर सावरून बसले. मग बोलले ते जसंच्या तसं लिहिते. 'वैभवाकडे होतंय तेव्हा. त्येच्या हॉलात सकाळधरून ऊन येता. थंय बसान चाय पिलंय, नि कप विसळूक मागे किचनात गेलंय. खिडकीतसून आपला घर दिसला. भर दुपारी आपल्या घरात दिवो लागलेलो. माझा चेडू काळोखात शिवता, नि मी हंय उन्हात बसान चाय पितंय. माका ता बघवला नाय गो. पिशवी घेतलंय नि इलंय.'

वैभव, हे कारण. अख्खं वर्ष तू आणि मी ज्याच्यावरून एकमेकांचं तोंड बघितलं नाही ते कारण हे.

मी भडकले. म्हटलं, मग त्याला का नाही सांगितलंत? पोरगा वर्षभर समजतोय की बाप आपल्या घरात राहायला तयार नाही. मला म्हणतोय मी तुमचे कान भरले. तर म्हणतात, 'कसा सांगतलंय? हौसेन घेतल्यान घर. सांगितलंय तर तो कधी त्या उन्हात बसतलो? सावली काय तो पाडता?'

आणि मग मे महिन्यात? मी सावली नाही, सावली नाही करत नाचत होते तेव्हा तरी बोलायचं होतं! त्यावर खाली मान घालून म्हणाले, 'मियांय माणूसच गो. माकाय भजनाक जावचा होता.'

मग मी चूल पेटवायला गेले, म्हणजे गॅसच, पण तिथे उभी राहून रडले. कुकरच्या शिट्टीत ऐकू जात नाही.

तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला आईची शपथ घातलीय. ती मी मोडतेय. आई मला माफ करील, तिला माहीत आहे माझ्या पोटात काही राहत नाही ते. मला कळतंय की हे वाचून तुला तुझ्या हॉलातलं ऊन टोचेल. टोचू दे थोडं. पण तू जे मनात धरून बसलायस ते त्याहून वाईट आहे आणि खोटं आहे. अप्पा तुझ्याकडे रमले होते रे. मी आता खोदून खोदून विचारलं. मेघनाचा आल्याचा चहा, तुझ्या हॉलातली ती वेताची खुर्ची, तू ऑफिसातून आल्यावर त्यांचे पाय दाबायचास ते, सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. ते तुला सोडून आले नाहीत. माझ्यासाठी आले.

आता उरलं एकच. लिफ्ट मार्चपर्यंत तशीच राहणार आणि मार्चमध्ये काय होईल ते उन्मेषला विचार. अप्पा आता भिंतीकडे तोंड करूनच जास्त वेळ असतात. काल जेवण अर्धं टाकलं. मी डॉक्टर आणला, तो म्हणतो तब्येत ठीक आहे, मन लागत नाही. मन लागायला मी एकटी पुरत नाही, हे मला मान्य करायला वर्ष लागलं. अप्पा खाली येऊ शकत नाहीत, आणि तुझ्याकडे पुन्हा यायला आपण होऊन तयार होणार नाहीत. म्हणजे यायचं तुलाच आहे.

येत्या शनिवारी ये. नऊला खाली भजन सुरू होईल आणि मृदंगाचा आवाज जिन्यातून वर येईल. आमचा मृदंग इथे कव्हरात पडलाय. तू लहानपणी त्यांच्या शेजारी बसून झांज वाजवायचास, ताल चुकलास की तुझ्या डोक्यात टपली बसायची. ती झांज मी शोधून घासून ठेवलीय. खालच्यांनी खाली वाजवावं, आपण वर वाजवू.

चहा देणार नाही म्हटलं होतं, तो देईन. साडेआठच्या आत आलास तर लिफ्ट मिळेल. उशीर झाला तर जिना चढ, तुझे गुडघे अजून चांगले आहेत.

ताई